नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी: पणजोबांचा माग शेवटी इथेच लागला

ज्यांना आपल्या घराण्याचा इतिहास काढायचाय आणि आजोबा-पणजोबांच्या मागे काही सापडतच नाहीये त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय. नाशिकला पंचवटीत रामकुंडाच्या आसपास जे तीर्थोपाध्याय आहेत त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात, म्हणजे आपल्या गावचे कोण कधी गोदावरीवर आले, कुणाचं कार्य केलं, सोबत कोण होतं याच्या वह्या. माझ्या मते आपल्याकडे वंशावळीसाठी यापेक्षा भारी सेवा दुसरी नाही. आणि तरी बहुतेक लोक तिथे अस्थी घेऊन जातात, विधी उरकतात आणि वही न बघताच गाडीत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी आमची अडचण काय होती ते सांगतो. मूळ गाव जुन्नर तालुक्यातलं. पणजोबा तिथून मुंबईला गिरणीत आले आणि इथे गावाच्या नावावरून आडनाव लावलं, गावाकडे आडनाव वेगळंच होतं. ही गोष्ट मुंबईतल्या हजारो घरांची आहे त्यामुळे नुसत्या आडनावावर शोधत बसाल तर काहीच मिळणार नाही. आमचा खरा पेच पुढचा होता. पणजोबांच्या वडिलांची आमच्याकडे दोन नावं. गावच्या जुन्या फेरफारात (जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद) एक, आणि माझ्या आत्याला तिच्या आजीने सांगितलेलं दुसरंच. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे पण तिची आठवण पक्की, ती एकच म्हणायची, "अरे आजीनं मला मांडीवर घेऊन सांगितलंय, ते खोटं कसं असेल." आणि कागद पण खोटा नव्हता. आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघितलं, त्यात आजोबांच्या वडिलांपर्यंतच नाव, पुढे काही नाही. जन्म-मृत्यूची नोंद असते तो गाव नमुना १४ बघितला, हवी ती वर्षंच गायब. मधल्या काळात एका ऑनलाइनवाल्याने पैसे घेऊन वंशावळ बनवून देतो म्हणून सांगितलं आणि आडनावाची दंतकथा, कुलदैवत आणि देवक अशी चार पानांची पीडीएफ पाठवली, त्यात आमच्या घरातलं एकही माणूस नव्हतं. असल्यांना पैसे देऊ नका.

तर नाशिक. तिथली पद्धत अशी की प्रत्येक उपाध्याय घराण्याकडे ठरलेली गावं आणि ठरलेली घराणी असतात. रामकुंडावर कुठल्याही गुरुजींना विचारलं की पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं? तालुका?" आडनाव नंतर. तुमचं गाव त्यांच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या वाड्याकडे बोट दाखवतात. पुरोहित संघाचं ऑफिसही कुंडाजवळच आहे, तिथे विचारलं तरी चालतं. आम्हाला असंच दोन ठिकाणी विचारत एका जुन्या वाड्यात जायला मिळालं. गुरुजी साठीच्या आसपासचे, शांत. आत्याला म्हणाले, "या आजी, बसा, आधी पाणी घ्या, बाडं काढायला वेळ लागतो." मला तिथेच बरं वाटलं कारण धार्मिक विधी करायचाय का, किती दक्षिणा देणार, असलं काही आधी विचारलं नाही.

मग माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं खाली आलं. आत वेखंडाच्या पुड्या आणि लांबोडक्या वह्या, दोऱ्याने शिवलेल्या, जाड हातकागद, कडा तपकिरी झालेल्या पण मधली शाई अजून काळीभोर. जुन्या नोंदी बोरूने मोडीत लिहिलेल्या, अलीकडच्या बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, आणि अगदी शेवटच्या पानांवर निळं बॉलपेन. गुरुजी म्हणाले की रेल्वे सुरू झाल्यावरच्या नोंदी एकदम वाढलेल्या दिसतात आणि ते पटण्यासारखंच आहे, थळ घाटातून गाडी १८६५ ला सुरू झाली, त्याआधी मुंबईकडून नाशिक म्हणजे पायी नाहीतर बैलगाडीनं.

गावाचं पान निघालं आणि गुरुजी बोट ठेवून घडाघडा वाचायला लागले. शके १८०६ ची कार्तिकातली नोंद, म्हणजे १८८४. (शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या पुढचा महिना असेल तर इंग्रजी वर्ष बदललेलं असू शकतं म्हणून ७९ धरून बघायचं.) फेरफारातलं जे नाव होतं ते गृहस्थ स्वतः आलेले, आईच्या अस्थी घेऊन. त्यांचा बाप, आजा, दोन भाऊ, भावांची मुलं, सगळे ओळीनं लिहिलेत, अमुक बिन तमुक असं, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. म्हणजे एका झटक्यात आम्ही तीन पिढ्या मागे गेलो. पण त्यांना स्वतःला मूल नाही, त्या जागी काहीच नाही. आमचे पणजोबा कुठून आले मग?

पुढची नोंद शके १८१९. ही त्याच गृहस्थांच्या बायकोची, नावापुढे कोम आणि नवऱ्याचं नाव, म्हणजे अमक्याची बायको. नवऱ्याच्या अस्थी घेऊन ती आलेली. सोबत दीर, आणि त्याच्या पुढे आमच्या पणजोबांचं नाव, वय वर्षे सहा, दत्तक. आणि मग ज्याच्यासाठी आम्ही इतके भटकलो ती ओळ, जन्मदात्या बापाचं नाव आणि त्याचं गाव, संगमनेर तालुक्यातलं. आत्या सांगायची तेच नाव. दोन्ही नावं खरी होती, एक दत्तक घेणाऱ्या बापाचं आणि एक जन्म देणाऱ्याचं. आत्या काही बोललीच नाही, तिने नुसता वहीवर हात ठेवला. त्या नोंदीखाली सही नाही, बाईला लिहिता येत नव्हतं, तिथे शाईने काढलेलं एक लहानसं वर्तुळ आहे, बांगडीची निशाणी. कुणबी नांगर काढायचे, बायका बांगडी. वर्तुळ थोडं वाकडं आहे, एका बाजूला शाई जास्त उतरलीय. नवरा गेलेली, सहा वर्षांचं दुसऱ्याचं पोर आपलं करून हाताशी धरून नदीवर आलेली ही बाई आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हती. वंशावळीच्या तक्त्यावर तिचं नाव कुठेच नव्हतं. आणि आम्ही सगळे तिच्यामुळे आहोत.

शके १८१९ म्हणजे प्लेगच्या काळातलं साल आहे, मुंबईत १८९६ ला साथ आली आणि १८९७ ला पुण्याकडे. साहजिकच आमच्या घरात सगळे म्हणाले पणजोबांचे दत्तक वडील प्लेगमध्ये गेले. पण नोंदीत मृत्यूचं कारण नाही, त्यामुळे मी तक्त्यात तसं लिहिलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण वंशावळ बनवताना लोक असंच काहीतरी जुळवून टाकतात आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं. जेवढं कागदावर आहे तेवढंच लिहा आणि ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून वेगळं लिहा. आत्याच्या ऐकीव गोष्टीनेच आम्हाला नाव ओळखता आलं, त्यामुळे ऐकीव टाकूनही देऊ नका.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. गुरुजींचं मोडी वाचन चांगलं आहे पण सवयीचं आहे, नेहमीची गावं-आडनावं ते सरसर वाचतात. संगमनेरकडच्या त्या गावाचं नाव त्यांनी एक वाचलं, आम्ही पानाचा फोटो पुण्यात एका मोडीवाचकाला दाखवला तर त्यांनी वेगळं वाचलं, आणि तालुक्याच्या गावांच्या यादीत मोडीवाचकांनी वाचलेलंच बसलं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाहीच आणि शब्द एकमेकांना चिकटलेले, असं होणारच. त्यामुळे फोटो काढा. आमच्या गुरुजींनी फक्त आमच्या घराण्याच्या पानाचा काढू दिला, शेजारचं पान फडक्याने झाकलं, आणि ते मला अगदी योग्य वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं दत्तक, भांडण, दुसरं लग्न हे आपण का बघायचं?

आता कमी कुठे पडतं. संगमनेरच्या गावाचे उपाध्याय वेगळे, त्यांचा पत्ता गुरुजींनीच दिला, पण तिथे वह्यांची भावाभावांत वाटणी झालेली आणि आपल्याला हवं ते बाड कुणाकडे आहे हे कुणालाच नीट सांगता येईना. जे निघालं त्याला वाळवी लागलेली. म्हणजे जन्मदात्या बापाच्या मागे आम्ही अजून गेलेलो नाही. आमच्या गुरुजींकडची बाडंसुद्धा स्कॅन झालेली नाहीत, एकच प्रत, तीही माळ्यावर. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या फुकट साइटवर आहेत, तिथे घरबसल्या पानं उलटता येतात, असं आपल्याकडे का होऊ नये असं फार वाटतं. गुरुजींच्या मुलाला वहीत रस आहे, तो स्वतः मोडी शिकतोय, त्याला मी सांगून आलोय की स्कॅनरचं काही करायचं असेल तर मी खर्चाला आहे.

दुसरी उणीव जास्त मोठी. या वह्यांत सगळे नाहीत. लेकी नाहीत, लग्न झालं की माहेरच्या पानावरून त्या जातात आणि सासरच्या पानावर सासरच्या नावाने येतात. आणि ज्यांना रामकुंडावर येऊच दिलं नाही त्यांच्या नोंदी कुठून असणार? तिथून काही पावलांवर काळाराम मंदिर आहे, बाबासाहेबांचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला तिथेच सुरू झाला. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला मी उत्साहाने नाशिकला चल म्हणालो, तो म्हणाला, "आमचं तिथे काय सापडणार रे?" त्याच्या घराण्यासाठी आम्ही वेगळ्या वाटेने गेलो. महार वतनाच्या (गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या) जमिनीचे कागद, वतनं खालसा म्हणजे रद्द झाली त्या वेळचे फेरफार (कायदा १९५८ चा आहे), गाव नमुना १४ आणि शाळेचं जनरल रजिस्टर. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून त्याचे खापरपणजोबा निघाले. त्यामुळे नामावळीत नाव नाही म्हणजे इतिहास नाही असं कुणी समजू नका, कागद वेगळ्या कपाटात आहे एवढंच.

बाकीच्यांनीसुद्धा नाशिकला जायच्या आधी सरकारी कागद बघून जा, रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘आपले अभिलेख’ नावाच्या सरकारी साइटवर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारा, फेरफार स्कॅन करून ठेवलेत. मराठा-कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, त्यानंतर जिल्ह्यांच्या वेबसाइटवर जुनी पानं चढवली गेली, त्यात मोडीतलीही भरपूर आहेत आणि आपल्या गावचं पान लागलं तर सोनं. विदर्भ-मराठवाड्याकडचे कागद असतील तर बिनच्या जागी वल्द आणि कोमच्या जागी जौजे दिसेल, गोंधळू नका. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी आधी बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. आत्या नसती तर ते नाव वाचून आम्हाला काहीच कळलं नसतं.

पैशाचं म्हणाल तर ठरलेली फी नाही. गुरुजी म्हणाले, "तुमची इच्छा." आम्ही समाधानाने दिलं आणि त्यांनी न मोजता ठेवलं. रामकुंडावर काही जण गाडीतून उतरल्या उतरल्या मागे लागतात, त्यांना सरळ गाव सांगा आणि नामावळी दाखवा म्हणा, ज्यांच्याकडे नाही ते आपोआप बाजूला होतात. विधी केलाच पाहिजे अशी सक्ती आम्हाला कुणी केली नाही.

शेवटी आपलीही नोंद लिहायची असते, गुरुजी वही पुढे करतात. तिथे घाई करू नका. आम्ही आत्याचं नाव माहेरच्या नावासकट घातलं, माझ्या दोन्ही बहिणींची नावं सासरच्या गावासह घातली, माझ्या मुलीचं घातलं, आणि शके १८१९ च्या त्या नोंदीचा उल्लेख करून पणजोबांच्या दोन्ही बापांची नावं एकत्र लिहून ठेवली. गुरुजी म्हणाले इतकं कुणी लिहीत नाही. अर्धं पान गेलं, जाऊ दे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा स्कॅनिंग नसल्याबद्दल कापला. पितृपक्षात जाऊ नका, गुरुजींना मान वर करायला वेळ नसतो. २०२६-२८ च्या सिंहस्थाची गर्दी चालू असेल तेव्हाही नको. साधा आठवड्यातला दिवस, सकाळचे विधी आटोपल्यानंतरची वेळ बरी. आदल्या दिवशी फोन करून गाव, तालुका आणि गावाकडचं जुनं आडनाव सांगून ठेवलं तर बाड खाली काढून ठेवतात, वाड्याचा जिना खूप उंच आहे आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर खालच्या ओसरीवरच बसायची सोय करा म्हणून तेव्हाच सांगा.