युद्धकाळातल्या रेशन बुकांचा रेप्लिका पॅक: घरातलं सगळं आहे, युद्ध का झालं ते मात्र अर्धंच

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि मुलीला इयर सिक्समध्ये (इथल्या प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष) या टर्मला दुसरं महायुद्ध आहे. इथे हा विषय शिकवतात तो लढाया कमी आणि घरचं जास्त असा, म्हणजे ब्लॅकआउट (विमानांना दिसू नये म्हणून रात्री दिवे झाकणं), रेशन, शहरातून खेड्यात पाठवलेली मुलं वगैरे. त्यासाठी एका ऑनलाइन दुकानातून त्या काळच्या कागदपत्रांच्या नकलांचा पॅक मागवला. ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं घ्यावा का, तर एकदाच नीट लिहून टाकते.

आत काय येतं ते आधी सांगते. मोठ्या माणसाचं बदामी रंगाचं रेशन बुक, पाच वर्षांखालच्या मुलाचं हिरवं, एक ओळखपत्र, कपड्यांच्या कुपनांचं पुस्तक, रेसिप्यांची पत्रकं, भाजीपाला लावा सांगणारं एक पोस्टर, गॅस मास्क ठेवायचा घडी घालून करायचा पुठ्ठ्याचा खोका आणि एक माहितीपुस्तिका. खोक्यात मास्क नाही आणि ते बरंच आहे. तेव्हाच्या खऱ्या मास्कच्या फिल्टरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला तरी मुलांच्या तोंडाला लावू नका, हे आवर्जून सांगते.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे ते बदामी पुस्तक. वर नाव, पत्ता, नंबर, आत प्रत्येक आठवड्याचा वेगळा चौकोन, आणि कुठल्या दुकानदाराकडे नाव नोंदवलंय ते लिहायची जागा. म्हणजे वाटेल त्या दुकानात जाऊन साखर घेता यायची नाही, आपला वाणी ठरलेला, खाटीक ठरलेला, आणि त्याला माल यायचा तो त्याच्याकडे नोंदलेल्या गिऱ्हाइकांच्या हिशेबाने. सासूबाई सध्या पुण्याहून आल्यात, त्यांनी चष्मा लावून पानन् पान बघितलं आणि म्हणाल्या, अगं हे आपलंच रेशन कार्ड की! बरोबरच आहे, आपल्याकडची रेशनची पद्धतही त्याच युद्धातली, मुंबईत १९४३ साली सुरू झालेली.

पॅकमध्ये एका माणसाचं आठवड्याचं रेशन छापलेला तक्ता आहे. आकडे युद्धभर वरखाली होत होते, पण साधारण असं: लोणी ५७ ग्रॅम, चीज ५७ ग्रॅम, मार्गारिन ११३ ग्रॅम, साखर २२७ ग्रॅम, चहा पावडर ५७ ग्रॅम, अंडं एक, बेकन ११३ ग्रॅम, आणि मटण वजनावर नाही तर किमतीवर, १ शिलिंग २ पेन्सचं. मुलीने किचनच्या काट्यावर हे सगळं मोजून एका ताटात मांडलं आणि ते ताट बघून घरात कोणी काही बोलेना, कारण लोण्याचा तो तुकडा आमच्याकडे एका दिवशीच्या पराठ्यांना लागतो आणि चहा तर आठवडा अर्धा व्हायच्या आत संपलाच असता. आम्ही शाकाहारी, तर मुलीचा पहिला प्रश्न आपलं काय झालं असतं. शाकाहारी म्हणून नोंद केली की मांसाची कुपनं सोडून जास्तीचं चीज मिळायचं. पाव, बटाटे, भाज्यांवर युद्धात रेशन नव्हतंच (पावावर आलं ते युद्ध संपल्यावर, १९४६ ला), पण रेशन नाही म्हणजे मिळतंच असं नाही. कांदा बघा ना. तो यायचा फ्रान्सच्या ब्रिटनीतून आणि चॅनल बेटांवरून, १९४० ला दोन्ही जर्मनांच्या हातात गेलं आणि कांदा असा गायब झाला की लोक लॉटरीत बक्षीस म्हणून एक कांदा ठेवायला लागले. कांद्याशिवाय महिना काढायचा ही कल्पना सासूबाईंना बॉम्बपेक्षा भयंकर वाटली आणि खरं सांगू का, मलाही वाटली.

रेसिप्यांपैकी वूल्टन पाय केली. लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री होते, त्यांच्या नावाची ही डिश, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या शेफने बसवलेली. बटाटा, गाजर, फ्लॉवर, स्वीड नावाचा कंद, ओट्स घालून दाट केलेलं आणि वरून कणकेचं किंवा बटाट्याचं झाकण. पत्रकात माप नीट दिलंय, कृती सोपी आहे, दहा वर्षांचं मूल थोड्या मदतीने करू शकतं. चवीला सपक, पण पोट भरतं, आणि तेव्हा हेतूही तोच होता.

कपड्यांचं पुस्तकही मुलांना आवडेल. जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन, वर्षाला माणशी ६६ कुपनं, त्यात पुरुषाचा ओव्हरकोट १६, बायकांचा लोकरीचा ड्रेस ११, पुरुषांचे बूट ७. आणि पुढे कुपनं कमी होत गेली. मुलगी दिवसभर कपाट उघडून बेरजा करत बसली होती, गणिताचा अभ्यास आपोआप.

आता जिथे हा पॅक कमी पडतो ते. माहितीपुस्तिकेत युद्धाची कारणं एका पानात गुंडाळली आहेत: व्हर्सायचा तह (पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीवर लादलेला) अन्यायकारक होता, जर्मन चिडले, हिटलर आला, पोलंडवर हल्ला, संपलं. तह १९१९ चा आणि हिटलर चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा सरकारप्रमुख, झाला जानेवारी १९३३ मध्ये, मधली चौदा वर्षं गेली कुठे? १९२३ मध्ये बर्लिनमध्ये एका पावाला अब्जावधी मार्क मोजावे लागत होते, तेव्हा तर हिटलरचा उठाव फसला आणि तो तुरुंगात गेला. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना, म्हणजे हिटलरच्या पक्षाला, जेमतेम २.६ टक्के मतं होती. मग १९२९ ची मंदी आली, १९३२ पर्यंत बेकार ६० लाखांच्या घरात, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नाझींची मतं ३७ टक्क्यांवर. म्हणजे नुसता तह नाही, तहाचा राग अधिक रिकामी चूल अधिक तिचा फायदा उठवणारा माणूस, आणि त्याला आपण काबूत ठेवू असं समजणारे तिथले बडे राजकारणी. हे दहा वर्षांच्या मुलाला कळतं, मी सांगितलं तर माझ्या मुलीला कळलं, मग पुस्तिकेत का नको?

आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की पुस्तिकेत 'कारणं' आणि 'घरचं जीवन' ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही अशी. पण संबंध तर अन्नाचाच आहे! पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने जर्मनीची नाकेबंदी केली, १९१६-१७ चा हिवाळा तिथल्या लोकांनी जनावरांना घालायचे कंद खाऊन काढला, युद्ध थांबल्यावरही नाकेबंदी पूर्ण उठली नव्हती, ती उठली जुलै १९१९ मध्ये. ती उपासमार हिटलर आणि त्याची पिढी विसरली नाही, आणि पूर्वेकडची जमीन घ्यायची, युक्रेनचं धान्य जर्मनीला आणायचं, तिथल्या माणसांना हलवायचं किंवा मारायचं ही त्याची योजना त्याच्या वंशद्वेषाइतकीच या भुकेच्या हिशेबावर उभी होती. इकडे ब्रिटन वर्षाला साधारण २ कोटी टन अन्न जहाजांनी आणायचा, म्हणून जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवायला लागल्या, म्हणून ताटात लोणी ५७ ग्रॅम. एकच साखळी आहे ही. एक पान जास्त छापलं असतं तर रेशन बुक हातात धरून मुलाला युद्धाचं कारणही कळलं असतं.

तुलनाही नाही कुठे. ब्रिटनमध्ये पाव हवा तेवढा मिळत होता तेव्हा, १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये घरी बसलेल्या माणसाला आणि मुलाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव होता, तोही भेसळीचा. मी तेवढा तुकडा कापून त्या ताटाशेजारी ठेवला. मुलीच्या प्रोजेक्टमध्ये आता तो फोटो पहिल्या पानावर आहे.

भारताचा तर उल्लेखच नाही आणि हे मला मान्यच नाही, इथल्या वर्गांमध्ये किती आपली मुलं आहेत. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी भारतातल्या कुठल्याही नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, त्यावरून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईचं बाळासाहेब खेरांचं सरकारही गेलं. पुढे २५ लाखांच्या आसपास भारतीय सैन्यात होते. १९४३ ला बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली, बरेच इतिहासकार ३० लाखांपर्यंत आकडा सांगतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं आणि शेकडो माणसं गेली. या सगळ्या घरच्याच गोष्टी आहेत ना, मग 'होम फ्रंट' फक्त लंडनचा कसा? दुकानाला मी हे सगळं व्यवस्थित मेल करून कळवलंय, उत्तर अजून आलं नाही.

बाकी क्वालिटी चांगली. छपाई स्पष्ट, रंग बरोबर, कागद मूळच्यापेक्षा जाड त्यामुळे मुलांच्या हाताळण्यात टिकतो. ओळखपत्र तेवढं पाकिटात दुमडून आलं होतं, कळवल्यावर दुसरं पाठवलं. कुपनं कापून 'दुकान दुकान' खेळायचं असेल तर आधी झेरॉक्स काढा, कारण जास्तीची पानं देत नाहीत आणि एकदा कापली की खेळ संपला.

पाचपैकी साडेतीन देईन. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी घ्या, पण पुस्तिका बाजूला ठेवून कारणं तुम्ही स्वतः सांगा. टर्म सुरू झाली की स्टॉक संपतो असं दुकानवाल्यांनीच सांगितलं, त्यामुळे लागणार असेल तर सुट्टीतच ऑर्डर करून ठेवा.