दक्षिणेच्या नावाखाली 32,450 रुपयांचा प्लास्टिकचा शाळिग्राम

आकडा आधीच सांगून टाकतो: 32,450 रुपये. व्हॉट्सॲपवर मेसेज, क्यूआर कोड, "मोजकेच शिल्लक", मग एकामागून एक नवा खर्च. हे सगळं कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. सहकारी बँकेत अख्खी नोकरी लोकांचे चेक तपासण्यात गेली माझी. तेव्हा "काका, बँकेतले असून तुम्ही?" हे ऐकवायला कृपया कोणी येऊ नका. घरात रोज ऐकतोय.

माझी गरज खोटी नव्हती. वडिलांचं पंचायतन, म्हणजे पूजेतले पाच देव, गावी थोरल्या भावाकडे आहे आणि ते तिथेच शोभतं. फ्लॅटमध्ये देवघर केलं तेव्हा एकेक देव जमवत गेलो. नर्मदेचा बाण, म्हणजे शंकराचा गोटा, एका परिक्रमा केलेल्या स्नेह्याने दिला. शोणभद्राचा तांबडा गणपती आला, स्फटिकाचा सूर्य आला, देवी धातूची आहे. राहिला विष्णू, म्हणजे शाळिग्राम, नदीतला चक्रांचा काळा दगड. तो यायचा तर गंडकीतूनच, म्हणजे नेपाळात मुस्तांगकडे, कागबेनी-मुक्तिनाथच्या पट्ट्यात. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर. माझे गुडघे आणि हिचा दमा, दोन्हींना ते झेपणारं नाही. तुळशीच्या लग्नात दरवर्षी बाळकृष्ण नवरदेव होतो, यंदा शाळिग्राम असावा, एवढीच इच्छा. यात हव्यास कुठे आहे?

ज्याने फोन केला तो मराठी बोलत होता, आणि छान बोलत होता. वेदपाठशाळेत शिकलो म्हणाला. सुरुवातीला त्याने मोठं जाळं टाकून पाहिलं. 2023 च्या फेब्रुवारीत गंडकीकाठच्या दोन प्रचंड शिळा अयोध्येला गेल्या होत्या, आठवत असेल. "त्याच शिळेचा अंश आमच्याकडे आहे," म्हणाला. मी सरळ सांगितलं, रामलल्लाची मूर्ती शेवटी कर्नाटकातल्या कृष्णशिळेत अरुण योगीराजांनी घडवली, तुमचे अंश-बिंश मला नकोत, साधा शाळिग्राम द्या. मग म्हणाला, दोन शाळिग्राम घरात पुजत नाहीत, एक तरी घ्या नाही तर चार घ्या. हा नियम खरा आहे, आणि खरा नियम वापरूनच त्याने मला चार गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मी एकावर ठाम राहिलो. म्हणजे सावध नव्हतो असं नाही. दोनदा त्याला परतवला होता मी.

खरी मेख पुढे होती. मी किंमत विचारली तर तो चक्क दुखावला. "काका, शाळिग्राम विकतात का कधी? आम्ही दक्षिणा घेतो." आता पुराणं शाळिग्राम विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि त्याची किंमत करणाऱ्यालाही नरकात धाडतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मलाच ओशाळल्यासारखं झालं. किंमत विचारली नाही की घासाघीस नाही, घासाघीस नाही की बिल नाही. किती बेमालूम बांधणी आहे बघा. ज्या परंपरेने शाळिग्रामाचा बाजार होऊ नये म्हणून विक्रीला बंदी घातली, तिचीच ढाल करून हे लोक बाजार मांडून बसलेत.

पैसे असे गेले. संकल्पाचे 1,100. लक्ष्मीनारायण शाळिग्रामाची दक्षिणा 21,000. एक द्वार म्हणजे भोक, आत चार चक्रं, भोवती वनमाला म्हणजे माळेसारखी रेघ, फोटोत सगळं शास्त्राप्रमाणे. मग नेपाळच्या भन्सारचे, म्हणजे कस्टमचे, 6,850; शिक्क्याची पावतीसुद्धा पाठवली. क्यूआर स्कॅन केल्यावर तो ज्याचं नाव सांगत होता त्या न्यासाऐवजी कुठल्याशा मोबाईल-रिचार्जच्या दुकानाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे न्यासाच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे सेवेकऱ्याचं खातं. इथवर 28,950 झाले.

आणि मग 3,500 प्राणप्रतिष्ठेचे.

इथे, इथेच कळायला हवं होतं. हे लिहितानाही दात-ओठ खातोय मी. शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही! बाणालाही लागत नाही. ते स्वयंभू, देव त्यात आधीपासूनच आहे, म्हणून त्यांच्या पूजेत आवाहन नाही की विसर्जन नाही. हे मला वडिलांनी मुंजीनंतर पूजा शिकवताना सांगितलं होतं. वेदपाठशाळेत शिकलेल्या माणसाला हे माहीत नसणं म्हणजे वाण्याला शेर-पायली माहीत नसणं. मी त्याला म्हणालोही, "अहो, शाळिग्रामाला कसली प्राणप्रतिष्ठा?" त्यावर क्षणभर गप्प. मग म्हणाला, "काका, तुम्ही जाणकार दिसता. ही प्राणप्रतिष्ठा नव्हे, जागृती-अनुष्ठान. पावतीवर सोपं पडावं म्हणून तसं लिहितो." आणि व्हिडिओ कॉल लावला. मागे नदी, समोर ताम्हण, आणि खणखणीत आवाजात पुरुषसूक्त, एक स्वर इकडचा तिकडे नाही. प्रबोधिनी एकादशी तोंडावर आली होती. 28,950 आधीच गेले होते. माझ्या जागी तुम्ही असतात तर 3,500 साठी फोन ठेवला असतात का? छातीवर हात ठेवून सांगा.

पार्सल द्वादशीच्या आदल्या दिवशी आलं. लेबलवर नेपाळचं नावही नव्हतं, आपल्याच देशातल्या एका शहरातून निघालेलं. लाल मखमली पिशवी, रंगीत प्रमाणपत्र, आत काळाभोर तुळतुळीत शाळिग्राम. हातात घेतला तर हलका वाटला. ही म्हणाली, "असेल पोकळ, आत चक्रं आहेत ना."

पंचामृताचा अभिषेक चालू होता. दूध घातलं, काही नाही. दही घालून बोटाने चोळलं आणि दही राखाडी झालं. आधी वाटलं ताम्हण कळकलंय. मध घातला, साखर घातली, साखरेने घासल्यावर काळ्याच्या खालून मातकट करडा रंग वर आला. बोटं काळी, उपरण्याचं टोक काळं. दगडाच्या मधोमध आडवी, केसासारखी बारीक रेघ दिसली. साच्याच्या दोन भागांची सांधण. फोटोत दिसणारी वनमाला ती हीच! तुळशीचं लग्न शेवटी बाळकृष्णाशीच लागलं. पाहुण्यांना काही बोललो नाही.

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे तो घेऊन गेलो. त्यांनी सुई गॅसवर लाल केली आणि बुडाशी टोचली. सुई आत गेली, प्लास्टिक जळाल्याचा वास आला. दगडाचा चुरा मिसळलेलं रेझिन, वर काळा रंग आणि मेण. खरा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाचा जीवाश्म, ते म्हणाले. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या खडकात, पंधरा-एक कोटी वर्षांपूर्वी हे जीव दगड झाले. चक्र म्हणजे त्यांच्या शंखाची वेटोळी. आमचे गुरुजी म्हणतात वज्रकीटकाने, म्हणजे पुराणातल्या किड्याने, कोरलं, प्राध्यापक म्हणतात अमोनाइट. प्लास्टिक मात्र दोघांनीही एका मिनिटात ओळखलं.

कुठल्याही दोन शाळिग्रामांची चक्रं तंतोतंत सारखी नसतात. दोन जाहिरातींत टवक्यासकट तोच दगड दिसला तर समजा साचा आहे. रंग सुटतोय का ते नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून बघा, अभिषेकाची वाट बघू नका.

आता सरकारी कथा ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या हवालदारसाहेबांनी पावती वाचली आणि म्हणाले, "काका, इथं दक्षिणा लिहिलंय. दक्षिणा दिलीत, ती परत कशी मागता? देवाला चालेल का?" शेजारचे दोघे हसले. म्हटलं, साहेब, ही फसवणूक आहे, पूर्वीचं कलम 420, आता भारतीय न्याय संहितेचं 318. तर म्हणाले, "माल मिळाला ना हातात? मग फसवणूक कसली, वाद म्हणा." मग म्हणाले नेपाळचा मामला आहे, आमच्या हद्दीत येत नाही. म्हटलं, पैसे माझ्या सोफ्यावर बसून गेले, सोफा तुमच्याच हद्दीत आहे. शिवाय हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने एफआयआर घेता येतो. "कायदा शिकवता का?" असा प्रश्न आला. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच म्हणून झेरॉक्सवर शिक्का मारला, तोही मी मागून घेतला म्हणून. त्यानंतर चौकशी केली की साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. कधी परत येतात देव जाणे, खरा देव.

बँकेचं तर बोलूच नका. "पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे." हे वाक्य मीही काउंटरच्या आतून लोकांना म्हटलेलं आहे. बाहेरून ऐकताना किती निर्लज्ज वाटतं! ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेकडून माहिती येऊ द्या. मध्ये मी, हातात मखमली पिशवी घेऊन. ग्राहकांसाठीच्या कार्यालयात चौकशी केली तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, देणगीदार हा ग्राहक नसतो. दक्षिणा, देणगी, दान! चोराने पावतीवर एक शब्द लिहिला आणि सगळी सरकारी यंत्रणा त्याची वकिली करत बसली.

मी लाजेपायी थांबलो, तुम्ही थांबू नका. पैसे गेल्याचं कळलं की त्याच क्षणी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन. खात्यात पैसे असतील तोवरच ते अडवता येतात. तुम्ही "किंमत काय" असं लिहून विचारलं असेल तर ते मेसेज जपा, दक्षिणेचं सोंग तिथे उघडं पडतं. व्हिडिओ कॉलवरच्या नदीला भुलू नका. आणि खरा शाळिग्राम हवा असेल तर यात्रेला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगा, किंवा घराण्यातल्या कुणाकडे जास्तीचा असेल तर मागा. पूर्वीपासून तो असाच घरोघर जात आलाय.

तो ठोकळा सध्या कपाटात आहे, औषधांच्या खणात. ही येता-जाता त्याला नमस्कार करते. म्हटलं, अगं, प्लास्टिक आहे. म्हणे, तुम्ही त्यावर पुरुषसूक्त म्हटलंत ना?

वकिलाने पाहून सांगितलं की मेसेजमध्ये वस्तू, वर्णन आणि रक्कम ठरलेली आहे, तेव्हा खिडकीवरच्या मुलाचं ऐकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंत तिला फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, विकणारा कुठलाही असो. तुमच्याकडे असाच आडव्या सांधणीचा दगड आला असेल तर गुरुजी सांगतील की नदीत सोडून मोकळे व्हा. सोडू नका. पिशवी, लेबल, प्रमाणपत्र, सगळ्यासकट ठेवा. आयोगापुढे तोच पुरावा आहे.