टिपरे परत बघावी का? बघा, पण आबांवर नजर ठेवून बघा

'श्रीयुत गंगाधर टिपरे' परत बघायला घेतली आणि एकेक करत संपवत आणलीय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ज्यांनी लहानपणी बघितलीये त्यांना वेगळं सांगायला नको, पण ज्यांना आईवडिलांकडून नुसतं नावच ऐकून माहितीये त्यांच्यासाठी थोडक्यात: 2001 साली अल्फा मराठीवर (म्हणजे आत्ताचं झी मराठी) सुरू झालेली साप्ताहिक सिरीयल, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, आणि मूळ लिखाण दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे सदर. एक मध्यमवर्गीय घर, त्यात आबा टिपरे (ते स्वतः प्रभावळकरच), मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका आणि नातू शिऱ्या. घरात जे काय घडतं ते आबा डायरीत लिहितात. बास, एवढीच गोष्ट आहे, खून नाही, सासूसुनेचं कारस्थान नाही, दुसरं लग्न नाही की मेलेलं माणूस परत येत नाही.

आता माझं मत. विनोद म्हणून बघायला गेलात तर निम्म्या एपिसोडमध्ये तुम्ही गालातल्या गालात हसाल आणि उरलेल्यांत म्हणाल ठीक आहे. पण प्रभावळकरांना बघायचं म्हणून बसलात तर उठवत नाही, खरंच. कारण हा माणूस तेव्हा म्हातारा नव्हताच! जन्म 4 ऑगस्ट 1944 चा, म्हणजे सिरीयल सुरू झाली तेव्हा वय 57, आजकाल या वयाची माणसं मॅरेथॉन पळतात आणि ट्रेकचे फोटो टाकतात. मेकअप आहेच, पण मेकअपने केस पांढरे होतात, खुर्चीतून उठताना लागणारा तो अर्ध्या सेकंदाचा विचार मेकअपमधून येत नाही. दुसरं कोणी बोलत असताना आबा काय करतात ते बघा. साधारण नट स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा असतो, हे मात्र ऐकत असतात, आणि ऐकताना अर्धवट ऐकू आल्यासारखं, अर्धवट मुद्दामच न ऐकल्यासारखं, असं काहीतरी चेहऱ्यावर चालू असतं. आमच्या घरातल्या ज्येष्ठांकडे बघून मला परत परत तेच दिसायला लागलं, आता त्यांना सांगण्याची सोय नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आबा शहाणे नाहीयेत. म्हणजे मराठी सिरीयलमधले आजोबा म्हटलं की एक तर ते प्रवचन देतात नाहीतर फोटोत हार घालून असतात. हे आबा चौकस आहेत, थोडे लबाड आहेत, नातवंडांच्या भानगडीत नाक खुपसतात, आणि आपलं म्हणणं कोणी ऐकलं नाही की रुसतात पण. घरातलं सगळ्यात मोठं माणूस आणि सगळ्यात खोडकर पण तेच. शेखर झालेले राजन भिसे आणि श्यामला झालेल्या शुभांगी गोखले दोघंही मस्त आहेत, विशेषतः शुभांगीताई, घर सांभाळून वैतागलेली पण प्रेमळ सून त्यांनी कुठेही आरडाओरडा न करता केलीय. विकास कदमचा शिऱ्या आणि रेश्मा नाईकची शलाका पण खऱ्या भावंडांसारखीच वाटतात.

पण एक सांगतो, टिपरे नुसती बघून प्रभावळकर कळणार नाहीत. म्हणजे तुम्हाला वाटेल की एक प्रेमळ आजोबा छाप नट आहे. अहो, हाच माणूस 1993 च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आहे! तो बाहुला सगळ्यांना आठवतो, ओम फट् स्वाहा पण आठवतं, पण बाहुल्यात जीव जायच्या आधीचा जिवंत गुंड करणारा नट कोण हे निम्म्या लोकांना सांगितल्यावर कळतं. नाटककार रत्नाकर मतकऱ्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली मूळ चेटकीण पण तेच. आणि त्याच मतकऱ्यांच्या 'आरण्यक'मधला विदुर पण तेच, जो त्यांनी इतक्या वर्षांनी 2018 ला परत उभा केला. चेटकीण आणि विदुर, एकाच लेखकाची नाटकं आणि एकाच नटाचा घसा.

टीव्हीचं म्हणाल तर त्यांची पहिली मोठी ओळख चिमणराव. चिं. वि. जोशींचा चिमणराव, मुंबई दूरदर्शनवर, ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात, सोबत गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे. आमच्या आधीची पिढी अजून त्यांना चिमणरावच म्हणते. ते भाग आज शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही, हे मराठी टीव्हीचं जुनंच दुखणं आहे, त्यावर बोलायला लागलो तर रिव्ह्यू बाजूला राहील. मग 'साळसूद' या मालिकेत एकदम खलनायक. म्हणजे लोकांनी एका भूमिकेत बसवलं की हा माणूस लगेच उलट दिशेला निघतो, हे पहिल्यापासूनच आहे.

सिनेमात 'चौकट राजा' (1991) चा नंदू सगळ्यांना पाठ आहे, त्यावर मी नवीन काय बोलणार. पण 'नातीगोती' हे जयवंत दळवींचं नाटक, तिथे ते मतिमंद मुलाचे वडील होते आणि मुलगा अतुल परचुरे. म्हणजे एकदा अशा मुलाचा बाप आणि एकदा स्वतःच तसा मुलगा, दोन्ही बाजूंनी तो विषय त्यांनी अंगावर घेतलाय. नंदूमध्ये कुठेही दया मागितल्यासारखं वाटत नाही ते यामुळेच असावं, हा आपला माझा अंदाज.

'हसवाफसवी' हे नाटक तर स्वतःच लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वतःच केल्या. त्यातले कृष्णराव हेरंबकर, थकलेले संगीत नाटकातले गायक नट, हे मला टिपरेंच्या आबांचे थोरले भाऊ वाटतात. आबांचा म्हातारपणा कुठून आला याचं उत्तर तिथे आहे असं माझं मत, कोणाला पटो न पटो. 2006 ला 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये गांधीजी केले आणि त्यासाठी, शिवाय 'शेवरी'साठी मिळून, सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गांधीजी करायचे म्हणजे नट एक तर घाबरून पुतळा होतो नाहीतर नक्कल करतो, यांनी चक्क गप्पा मारणारे गांधीजी केले, मुन्नाच्या बाजूला बसून. आणि आता 2025 चा 'दशावतार', 81 व्या वर्षी बाबुली मेस्त्री, कोकणातला दशावतारी कलाकार, अख्खा सिनेमा खांद्यावर. 57 व्या वर्षी म्हातारे झाले होते ते 81 व्या वर्षी जंगलात पळताना दिसतात, हे उलटं गणित मला सॉलिड आवडलं.

असो, सिरीयलकडे परत येतो, तक्रारी पण आहेत. कॅमेरा हॉल सोडून जायला तयारच नसतो, सगळे हॉलमध्ये येऊन बोलतात आणि जातात, नाटकात चालतं ते इथे काही ठिकाणी कंटाळा आणतं. काही एपिसोडमध्ये शेवटची डायरी जरा जास्तच शिकवण देते, तेवढं आबांनी टाळलं असतं तर बरं झालं असतं. बायकांनी स्वयंपाकघरातून चहा आणायचा आणि पुरुषांनी हॉलमध्ये मत मांडायचं हे पण आता डोळ्याला खुपतं, तेव्हा आम्हाला ते दिसलंच नव्हतं.

मी ज्या ॲपवर बघितली त्याचं नाव घेत नाही पण जाहिरात टाकणाऱ्याला काहीतरी बक्षीस द्या, आबा बोलायला तोंड उघडतात आणि तिथेच डिटर्जंट पावडर! शिवाय क्रम पण मागेपुढे लागलेला. सुदैवाने प्रत्येक एपिसोड सुटा आहे त्यामुळे कुठूनही सुरू केलं तरी अडत नाही. पिक्चर क्वालिटीची अपेक्षा ठेवू नका, मोबाइलवर चालून जातं, मोठ्या टीव्हीवर लावली की सगळे धुक्यात बसलेत असं वाटतं. आवाज मात्र स्वच्छ आहे, जेवताना लावायला एकदम परफेक्ट.

एका बैठकीत धडाधड बघू नका. आठवड्याला एक अशी बनवलेली गोष्ट आहे, रोज एखादा बघितलात तरच चव लागते. घरात पोरं असतील तर त्यांना आधी 'झपाटलेला' दाखवा, मग टिपरे लावा आणि विचारा हे आजोबा कोण ओळखा, आमच्याकडे कोणालाही ओळखता आलं नाही. आणि टिपरे आवडली तर पुढचा नंबर 'चौकट राजा'चा लावू नका, तो सगळेच लावतात, 'रात्र आरंभ' लावा. 1999 चा सिनेमा, टिपरेच्या जेमतेम दोन वर्षं आधीचा, तोच चेहरा, आणि त्या चेहऱ्याची चक्क भीती वाटते.