ऑनलाइन पेपर तपासणी: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

गूगल क्लासरूम, मूडल आणि ग्रेडस्कोप, मुलांचं काम ऑनलाइन घ्यायची आणि तपासायची ही तिन्ही टूल्स मी वेगवेगळ्या वर्गांसाठी आता बरेच महिने वापरतेय. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की वेळ वाचतो का. वाचतो, पण बेरजा करण्यात आणि मार्क इकडून तिकडे उतरवण्यात जायचा तेवढाच. उत्तर वाचायला लागणारा वेळ लागतोच आणि तो लागायलाच हवा, त्यामुळे नुसता वेळ वाचवायला कोणी घेत असेल तर घेऊ नका.

मला खरा फरक पडला तो प्रश्नवार तपासण्याने. ग्रेडस्कोपमध्ये हाताने लिहिलेले पेपर स्कॅन करून टाकता येतात, मग सगळ्या वर्गाचा तिसरा प्रश्न सलग तपासायचा, नंतर चौथा. नावं झाकता येतात. गठ्ठा तपासताना काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला माहितीये, पहिलं उत्तर झकास असलं की पुढच्या चुका आपण सोडून देतो आणि रात्री उशिरा तपासलेल्या पेपरला हात आखडता होतो. एकच प्रश्न सलग वाचला की हे बरंच कमी होतं. शिवाय तिथली रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे-कापायचे त्याची यादी, तपासता तपासता बनते, जसं ‘सूत्र बरोबर, एकक लिहिलं नाही, वजा १’ असं एकदा लिहिलं की पुढे नुसतं क्लिक करायचं, आणि अर्धे पेपर झाल्यावर वाटलं की वजा १ जास्त होतंय, अर्धा पुरे, तर तिथे बदललं की आधी तपासलेल्या सगळ्यांचे मार्क आपोआप बदलतात. कागदावर हे कोण करणार हो, पुन्हा सगळा गठ्ठा उपसायला लागतो!

आता मार्क आणि शेरा. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास शिक्षकांनी जरूर वाचावा, त्यात ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांची प्रगती झाली आणि ज्यांना शेऱ्यासोबत मार्कही मिळाले त्यांना तसा फायदा झालाच नाही. कारण उघड आहे, आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं, शेरा वाचायचा राहून जातो. गूगल क्लासरूममध्ये मार्क न भरता काम परत करता येतं, म्हणून मी आधी फक्त कमेंट देऊन परत करते, मुलांनी काय बदलणार ते दोन ओळीत लिहायचं, सुधारून पुन्हा सबमिट करायचं, आणि मार्क त्यानंतर. पालक सुरुवातीला विचारतात मार्क का दिसत नाहीत, पण समजावलं की पटतं. कमेंट बँकेत शेरे साठवून ठेवता येतात ती सोय छान आहे, फक्त साठवलेल्या शेऱ्यानंतर त्या मुलाच्या उत्तरातलं नेमकं वाक्य धरून एक ओळ स्वतः लिहायचीच. नाहीतर मुलांना लगेच कळतं की सगळ्यांना तेच चिकटवलंय. रुब्रिकमध्येही ‘उत्तम, बरं, सुधारणा हवी’ असं लिहून काही उपयोग नाही, ‘पुरावा दिलाय पण तो मुद्द्याशी कसा जोडला जातो ते लिहिलेलं नाही’ असं लिहा, मग मुलाला पुढे काय करायचं ते कळतं.

त्रास पण आहेत. एका टूलमध्ये आपोआप तपासली जाणारी छोटी उत्तरं एखाद्या जास्तीच्या स्पेसमुळे चूक धरली जायची, ती मला एकेक बघायला लागायची. दुसऱ्या एका ॲपमध्ये मुलांना फोनवर फक्त आकडा दिसायचा, पानावरचे शेरे उघडायचेच नाहीत. आणि मजकूर दुसऱ्या लिखाणाशी किती जुळतो ते दाखवणारी साम्याची टक्केवारी बघून कोणाला कॉपी केली म्हणू नका, त्यात दिलेली अवतरणं आणि प्रश्नाचा मजकूर पण मोजला जाऊ शकतो. एआयने लिहिलंय का सांगणाऱ्या डिटेक्टरवर तर अजिबात विसंबू नका, ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर अचूकता कमी म्हणून २०२३ मध्ये बंद केला. त्यापेक्षा मुलाला समोर बसवून दोन प्रश्न विचारलेले बरे.

मूडलचं वर्कशॉप मात्र मला मनापासून आवडलं. यात मुलं एकमेकांचं काम तपासतात आणि मार्क दोन प्रकारचे मिळतात, स्वतःच्या कामाचे आणि दुसऱ्याचं किती नीट तपासलं त्याचे, सेटिंग बदललं नाही तर ८० आणि २०. सेटिंग किचकट आहे, टप्पे पाच आहेत, पहिल्यांदा लावायला एक संध्याकाळ जाते हे धरूनच चला. सरावासाठी नमुना उत्तर टाकता येतं, ते टाकाच, कारण सुरुवातीला मुलं सरसकट ‘छान लिहिलंय’ एवढंच लिहितात. नमुना आधी वर्गात मिळून तपासला की हळूहळू ‘तिसऱ्या परिच्छेदात उदाहरण नाहीये’ अशा कमेंटी यायला लागतात, आणि दुसऱ्यांच्या निबंधात पुरावा शोधून शोधून ती स्वतःच्या निबंधात मी सांगायच्या आधीच पुरावा घालायला लागली, त्यामुळे पुढच्या सत्रात वर्कशॉप पहिल्याच निबंधापासून लावणार आहे.