पणजीतलं ब्रेस्ट कॅन्सर स्टडीचं वर्कशॉप: पहिला दिवस फुकट, दुसरा वसूल

गेल्या महिन्यात पणजीत दोन दिवसांचं वर्कशॉप केलं. विषय असा की चार-पाच हॉस्पिटलं मिळून ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटवर ऑब्झर्वेशनल स्टडी (म्हणजे ट्रीटमेंट आपण ठरवायची नाही, जी होते तिची नुसती नोंद ठेवून अभ्यास करायचा) कशी आखायची. आयोजकांचं नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. मी कोऑर्डिनेटर, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये बसून फायली उपसणारी बाई, त्यामुळे डॉक्टर लोकांचं मत वेगळं असू शकतं.

पहिल्या दिवशी म्हापशाहून कदंबा बस पकडून धावतपळत वेळेत पोचले तर प्रोजेक्टरच चालू होईना. मग स्ट्रोब नावाची 22 मुद्द्यांची चेकलिस्ट एकेक करून वाचून दाखवली. अहो ती 2007 पासून फुकट मिळते, आणि ती पेपरमध्ये काय काय सांगायचं त्याची यादी आहे, स्टडी कशी आखायची ते त्यात नाही, हे मात्र कुणी बोललंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मॅडम आल्या आणि पैसे तिथेच वसूल झाले. सगळ्यांना एकाच पेशंटची बनवलेली फाइल दिली आणि म्हणाल्या, निदानाची तारीख लिहा. आम्ही अकरा जण आणि उत्तरं चार! कुणी बाहेरच्या लॅबच्या एफएनएसीची (बारीक सुईने पेशी काढून तपासतात त्याची) तारीख धरली, कुणी बायोप्सी घेतली तो दिवस, कुणी रिपोर्ट आला तो, आणि एकाने तर ट्यूमर बोर्डाची, म्हणजे सगळे डॉक्टर मिळून केसवर बसतात त्या मीटिंगची. मी स्वतः तीन वर्षं रिपोर्टची तारीख भरतेय आणि शेजारच्या सेंटरची पोरगी बायोप्सीची, हे तिथे कळलं, काय बोलणार. डब्ल्यूएचओ म्हणतं पेशंट पहिल्यांदा आल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं, पण घड्याळ कधी चालू आणि कधी बंद हेच प्रत्येक सेंटरचं वेगळं असेल तर तुलना कसली करणार कपाळ. हर-टूचंही (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन, त्यावरून औषध ठरतं) तसंच, रिपोर्ट 2+ म्हणजे धड हो नाही धड नाही असा आला की पुढे फिश नावाची जीन तपासायची टेस्ट लागते, गोव्यात फिश म्हटल्यावर हॉलमध्ये हशा होणारच, पण टेस्ट झालीच नाही आणि टेस्ट निगेटिव्ह आली या दोन्हीला आमच्या फॉर्मात एकच रिकामा चौकोन आहे!

अजून एक डोक्यात बसलं. वर्षभराचं ट्रास्टुझुमॅब (हर-टू पॉझिटिव्ह पेशंटचं औषध) पुरं केलेल्या बायका जास्त जगल्या असं सरळ मांडलं तर ती फसवणूक, कारण कोर्स पुरा करायला आधी वर्षभर जगावं लागतं ना. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात. नाव भारी आहे पण गोष्ट शेंबड्या पोरालाही पटेल अशी.

सॅम्पल साइझला, म्हणजे पेशंट किती घ्यायचे त्याला, मात्र जेवणानंतर फक्त वीस मिनिटं, हे चुकलंच. एका हॉस्पिटलातले पेशंट एकमेकांसारखे असतात ते धरायलाच हवं. सेंटरमागे 20 पेशंट आणि आयसीसी (हे सारखेपण मोजायचा आकडा) 0.05 धरला तर डिझाइन इफेक्ट 1.95, म्हणजे पेशंट जवळपास दुप्पट लागणार. हे मी घरी येऊन पेनाने काढलं, तिथे साधा फॉर्म्युला देऊन मोकळे झाले.

आपल्याकडचा खरा घोळ तर कुणी काढलाच नाही. सावंतवाडी-कारवारहून पेशंट इथे येतात, ऑपरेशन मुंबईला, किमो इथे, मग तीच बाई दोन सेंटरच्या यादीत दोनदा, त्यात एकीकडे माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं. मी विचारलं तर ब्रेकमध्ये बोलू म्हणाले, आणि ब्रेकमध्ये सगळे बटाटेवड्यांवर. एथिक्सवाल्या सरांनी मात्र नीट सांगितलं की आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये मल्टिसेंटर स्टडीला कॉमन रिव्ह्यूची सोय आहे, प्रत्येक हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीपुढे वेगळं नाचायलाच हवं असं नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन त्या मॅडमचे. पुढची बॅच मडगावला ठेवली तर आमच्या दोन सिस्टरना पाठवीन, फक्त ती बनवलेली फाइल पहिल्याच दिवशी सकाळी काढा आणि बुधवार सोडून ठेवा, बुधवारी आमची ओपीडी असते.