कॅम्पॅग्नोलो झोंडा सी17: शर्यतीलाही चालेल, रोजलाही

रिम-ब्रेकच्या (ब्रेकचे रबर चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणाऱ्या) रोड बाइकला चाकांची एकच जोडी घ्यायची असेल, तर ही अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. वजन साधारण 1550 ग्रॅम, आणि पावसात घाट उतरताना ब्रेक कार्बन रिमपेक्षा भरवशाचा. रिमची आतली रुंदी 17 मिमी. 25 किंवा 28 मिमीचा टायर छान बसतो.

रिमच्या टायरकडच्या बाजूला स्पोकची भोकं नाहीत, म्हणून ती झाकणारी रिमटेप लागत नाही. पण निपल (स्पोकला रिमशी जोडणारा छोटा नट) बदलायचा तर तो व्हॉल्व्हच्या भोकातून टाकून लोहचुंबकाने जागेवर ओढत न्यावा लागतो. वेळखाऊ काम! मागे फक्त 21 स्पोक, तिघांच्या गटात. एक तुटला की चाक आउट (वाकडं) होऊन ब्रेकला घासतं. साध्या दुकानात हे स्पोक मिळत नाहीत. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी, तेव्हा दोन्हींचे जादा आधीच मागवा.

हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) सुटे छर्रे आहेत. पावसाळ्यानंतर उघडून, पुसून नवं ग्रीस भरा.