पोर्टेबल बँडसॉ मिल काँक्रीटवर पक्की बसवताना: यंत्र कुठे कमी पडतं

हे परीक्षण एका ठराविक वर्गातल्या मिलचं आहे. ओंडक्यांच्या फळ्या कापणारी बँडसॉ मिल, म्हणजे पट्टीसारखं पातं फिरवणारं, हाताने ढकलायचं सॉ-हेड (कापणारा भाग), पेट्रोल इंजिन, सहा मीटरच्या आसपास रूळ आणि साधारण ६०-७० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यापर्यंतची क्षमता. मोकळ्या जमिनीवर ही यंत्रं चालतात, पण पावसानंतर पाय खचतात आणि दर काही दिवसांनी बेड (रूळ आणि ओंडका ठेवायच्या आडव्या पट्ट्यांचा सांगाडा) पुन्हा लावावा लागतो. म्हणून अनेक जण ती काँक्रीटवर घेतात. निर्णय योग्य आहे. मात्र काँक्रीट बेड सरळ करत नाही. सरळ लावलेला बेड तसा टिकवतं, आणि वाकडा लावला तर वाकडाच टिकवतं.

ओझ्याचा अंदाज आधी घ्या. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ४ मीटर लांबीचा ओंडका सव्वा घनमीटरच्या जरा आत भरतो आणि ओला असेल तर टनभर वजन सहज होतं. तो अलगद ठेवला जात नाही, गडगडत येऊन आपटतो. त्यामुळे दाबून घट्ट केलेल्या खडीवर १५० मिलिमीटर जाडीचा अखंड स्लॅब आणि दोन्ही दिशांनी २०० मिलिमीटर अंतरावर १० मिलिमीटरच्या सळया, याहून कमी करू नये. ८ बाय २ मीटरच्या स्लॅबला २.४ घनमीटर काँक्रीट लागतं. मिलच्या दोन्ही बाजूंना दोन सुट्या पट्ट्या ओतून काँक्रीट वाचवण्याचा मोह टाळा. त्या वेगवेगळ्या खचतात आणि बेडला पीळ बसतो. ओंडके ठेवण्याचा ओटा मात्र जॉइंट सोडून वेगळाच ओता, म्हणजे तिथले धक्के मिलपर्यंत येत नाहीत.

बेडची उंची हा या यंत्रांचा कच्चा दुवा. रूळ जमिनीलगत असतात आणि दिवसभर वाकून फळ्या उचलाव्या लागतात. स्लॅबवर रुळांखाली ३० बाय ३० सेंटिमीटरचे दोन कठडे घेतले की कंबरही वाचते आणि मधल्या जागेतून भुसा फावड्याने ओढता येतो. त्यासाठी आणखी दीड घनमीटर काँक्रीट धरा. कठड्यांच्या उभ्या सळया स्लॅब ओततानाच वर काढून ठेवाव्या लागतात, नंतर ते जमत नाही. स्लॅबला एका बाजूला मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या आणि वरचा भाग झाडूने खरखरीत करा. पात्यावर सोडायचं साबणपाणी भुशात मिसळलं की गुळगुळीत काँक्रीटवर पाय घसरतो, आणि शेजारी पातं फिरत असतं.

बोल्ट काँक्रीटमध्ये आधीच ओतून ठेवू नका. ओतताना ते हमखास सरकतात. किमान सात दिवस पाणी मारा, २८ दिवस थांबा, मग मिल जागेवर ठेवून पायांच्या प्लेटमधूनच खुणा करा. एम१६ स्टडला (१६ मिलिमीटर जाडीच्या आटे पाडलेल्या सळईला) १८ मिलिमीटरचं, १२५ मिलिमीटर खोल भोक पाडा आणि केमिकल अँकर, म्हणजे स्टड भोकात चिकटवून धरणारं रसायन, वापरा. फुगणारे अँकर अरुंद कठड्याची कड फोडतात. भोक फुंकणीने साफ करा, ब्रशने घासा, पुन्हा फुंका. आत पूड राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता पुडीला चिकटतं आणि पहिल्याच जड ओंडक्याला स्टड ढिला होतो.

अनेक मिलच्या प्लेटची भोकं गोल आणि बोल्टच्या मापाची असतात. पक्क्या पायावर हा दोष मोठा ठरतो. उन्हात रूळ काँक्रीटपेक्षा बरेच जास्त तापतात. सहा मीटर पोलाद ३० अंशांनी तापलं की सुमारे २ मिलिमीटर लांबतं, आणि सगळे पाय जखडलेले असतील तर रुळाला कमान येते. एकच टोक घट्ट ठेवा, बाकीची भोकं लांबट करून घ्या. प्रत्येक स्टडवर प्लेटच्या वर एक आणि खाली एक नट असावा. प्लेटखालचं अंतर २० मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर धक्क्याने स्टड वाकतो. प्लेटखाली ग्राउट (घट्ट होणारा सिमेंटचा मसाला) भरू नका. भरला की जुळवाजुळवीची वाट कायमची बंद होते.

आता पीळ. प्रत्येक पायाशी दोन्ही रुळांवर आडवी लेव्हल ठेवून बुडबुडा वाचा. तो मधोमध असण्यापेक्षा सगळीकडे एकाच जागी असणं महत्त्वाचं. गवंड्याची साधी लेव्हल इथे पुरत नाही, मीटरला ०.२ मिलिमीटर दाखवणारी हवी. रुळाची आडवी सरळ रेषा ताणलेल्या दोरीने तपासा. उंचीसाठी दोरी चालत नाही, कारण ती मध्ये झोळते; तिथे लेसर किंवा लेव्हल पाईप घ्या. लांबीच्या दिशेनेही रूळ समतल हवेत, नाहीतर हेड आपोआप उताराकडे चालू लागतं. शेवटी पात्यापासून प्रत्येक आडव्या पट्टीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की काम झालं. पहिल्या दहा ओंडक्यांनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

फळी जाड-पातळ आली की लगेच पायाला दोष देऊ नका. चूक प्रत्येक ओंडक्यात त्याच जागी दिसत असेल तरच ती बेडची. गाठीपाशी पातं वर-खाली जात असेल तर पातं बोथट आहे किंवा ताण कमी आहे. कापता कापता ओंडका मधून उचलला गेला तर तो लाकडातला ताण सुटतोय. तेव्हा नट फिरवून चांगला लागलेला बेड बिघडवू नका, ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने कापा.

रोज एकाच जागी कापणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा. वर्षातून चार-दोन ओंडके कापणाऱ्यांना जाड लाकडी ओंडक्यांचा पाया पुरतो. ट्रेलरवर आलेल्या मिलची चाकं आणि आस काढाल तेव्हा बोल्टसकट कोरड्या जागी ठेवा. काँक्रीटवर नटांनी बसवलेली मिल दिवसभरात सुटते आणि रस्त्यावर न्यायला तीच चाकं लागतात.